दुधाचे खाडे, भाकड म्हशी आणि एक्सेलमधले रिकामे सेल

मी आमच्या गावच्या दूध संस्थेत हिशोबाचं बघतो. गाव कोल्हापूरकडचं, सभासद दोनशे सहा, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा संकलन. दिवाळीला दर फरक, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधाचे मागाहून मिळणारे वाढीव पैसे, तर सगळ्यांनाच मिळतो, पण यंदा संचालक मंडळानं ठराव केला की वर्षात साठपेक्षा कमी खाडे, म्हणजे दूध न घातलेल्या वेळा, असणाऱ्याला लिटरमागं जादा पैसे आणि वर एक भेटवस्तू. ठराव एका ओळीचा, टाळ्या वाजल्या, चहा झाला आणि यादी करायचं काम आलं माझ्याकडं. चेअरमन आण्णा म्हणाले, "कॉम्प्युटरवर हायच की सगळं, रिकामी घरं मोजायची, त्यात काय एवढं."

रिकामी घरं मोजायला एक्सेलमध्ये फॉर्म्युला आहेच, आण्णांचं अगदीच चूक नव्हतं. पण सेल रिकामा दिसणं, सेल रिकामा असणं आणि खाडा पडलेला असणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी निघाल्या, आणि सगळं काम त्या तिन्हींची सांगड घालण्यातच गेलं, तेच इथं लिहितोय म्हणजे कुणाला हजेरी, वर्गणी, पाणीपट्टी असलं काही मोजायचं असेल तर उपयोग होईल. फॉर्म्युले मी मराठी अक्षरांत लिहिलेत, शीटमध्ये अर्थात इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाकायचे.

शीट कसं आहे ते आधी सांगतो. ए कॉलमला सभासद नंबर, बी ला नाव, सी ला गाय का म्हैस, आणि डी पासून पुढं तारखा. एका तारखेला दोन कॉलम, सकाळचा आणि संध्याकाळचा, चौथ्या ओळीत "स" आणि "सं" असं लिहिलेलं, सभासद पाचव्या ओळीपासून दोनशे दहाव्यापर्यंत. एकतीस दिवसांचा महिना म्हणजे बासष्ट कॉलम, डी पासून बीएम पर्यंत; लहान महिन्याला रेंज तेवढी अलीकडं संपवायची, तीसच्या महिन्याला बीके वर. सेलमध्ये त्या वेळचं दूध लिटरमध्ये. साधं सरळ. अशा बारा महिन्यांच्या बारा फाईली, १ एप्रिल २०२४ पासून ३१ मार्च २०२५ पर्यंत, आणि या बारा फाईली तीन वेगवेगळ्या हातांनी तयार झालेल्या, खरी मेख तिथंच.

पहिला फॉर्म्युला तोच जो सगळ्यांना माहीत असतो, एकतीसच्या महिन्याला असा:

=काउंटब्लँक(डी५:बीएम५)

पहिल्या सभासदाचं उत्तर आलं सात. माझी एक सवय आहे, कुठलंही रिकामं मोजलं की भरलेलं पण मोजायचं आणि बेरीज जुळते का बघायचं. भरलेले सेल मोजायला काउंटए. =काउंटए(डी५:बीएम५) चं उत्तर पंचावन्न, सात अधिक पंचावन्न बासष्ट, जुळलं. फॉर्म्युला खाली दोनशे दहापर्यंत ओढला, एप्रिल-मे छान आले. जूनची फाईल उघडली तर सगळ्यांचे खाडे शून्य! अख्खं गाव पेरणीच्या दिवसात एकही खाडा न करता दूध घालतंय म्हणजे काहीतरी गडबड नक्की, कारण त्या दिवसात लोकं रानातनं यायच्या आत संकलन बंद होतं आणि पाच-सहा जण तर रोजच चुकतात. शीटमध्ये डोळ्यांना मात्र जागोजागी पांढरे सेल दिसतायत.

अशा वेळी फॉर्म्युल्याकडं बघत बसायचं नाही, पांढऱ्या दिसणाऱ्या एका सेलवर क्लिक करायचं आणि वर फॉर्म्युला बारमध्ये काय दिसतं ते बघायचं. तिथं होतं ०. जूनपासूनचा डेटा संकलनाच्या मशीनच्या सॉफ्टवेअरमधून काढलेला, ते सॉफ्टवेअर दूध आलं नाही की ०.०० टाकतं, आणि आमच्या आधीच्या क्लार्कनं शीट स्वच्छ दिसावं म्हणून शून्य दिसणं बंद करून ठेवलेलं. फाईल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड मध्ये गेलं की खाली एक टिक असते, सेलमध्ये शून्य असेल तर शून्य दाखवा अशी, ती त्यानं काढलेली. काउंटब्लँकला शून्य म्हणजे आकडा, तो रिकामा धरत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग मशीनच्या महिन्यांसाठी

=काउंटब्लँक(डी५:बीएम५)+काउंटइफ(डी५:बीएम५,०)

असं केलं. इथं एक गंमत सांगून ठेवतो, एखाद्या खरोखर रिकाम्या सेलसाठी =डी५=० असं विचारलं तर एक्सेल ट्रू म्हणतं, पण काउंटइफला शून्य मोजायला सांगितलं तर तो रिकामा सेल धरत नाही. म्हणून वरच्या बेरजेत एकच खाडा दोनदा मोजला जात नाही. हे मी दोन-चार ओळी बोटानं मोजून पडताळून घेतलं, असल्या ठिकाणी विश्वासावर काम करू नये.

नुसते शून्य काढून टाकले तर बरं, असं वाटतं, आणि पुढच्या कामासाठी मी ते काढलेही, पण फाइंड अँड रिप्लेस करताना "मॅच एन्टायर सेल कन्टेन्ट्स" ची टिक लावूनच. ती टिक नसेल तर एक्सेल जिथं दिसेल तिथला शून्य उडवतं, दहा लिटर घालणाऱ्याचं एक लिटर होतं आणि वीसचं दोन. सभासद दारात येऊन उभा राहील. आणि हो, शून्य ठेवायचा का सेल मोकळा ठेवायचा हा प्रश्न खाड्यापुरता नाही. अॅव्हरेज फॉर्म्युला रिकामा सेल सोडून देतो पण शून्य मात्र हिशोबात धरतो. म्हशीच्या दुधाची फॅट एका वेळी ६.८ लागली, दुसऱ्या वेळी ७.०, तिसऱ्या वेळी खाडा. सेल मोकळा असेल तर सरासरी ६.९, शून्य असेल तर ४.६. म्हशीला ४.६ फॅट ऐकून माणूस आधी मशीनला शिव्या घालतो मग आपल्याला.

आता तिसरा हात. पावसाळ्यात मशीन बिघडलं तेव्हा वहीत लिहून घेतलेलं, आणि ते नंतर एका कॉलेजच्या पोरानं टाइप केलं. पोरगं हुशार, हात पण जोरात चालतो, पण खाड्याच्या जागी त्याला त्या दिवशी जे सुचलं ते त्यानं लिहिलं. कुठं डॅश, कुठं "ख", कुठं "खाडा", कुठं नुसता एक स्पेस दाबून पुढं. डॅश आणि "ख" निदान दिसतात तरी, स्पेस वाईट. सेल कोरा दिसतो, शून्याचा पण संशय नाही, आणि काउंटब्लँक त्याला भरलेला समजतो कारण त्यात एक अक्षर आहेच.

किती सेलमध्ये असलं काहीबाही आहे ते कळायला सोपा उपाय आहे. काउंटए सगळं भरलेलं मोजतो, नुसता काउंट फक्त आकडे मोजतो. दोन्हीची वजाबाकी म्हणजे आकडा नसलेलं पण भरलेलं:

=काउंटए(डी५:बीएम२१०)-काउंट(डी५:बीएम२१०)

ऑगस्टचं उत्तर चारशेच्या वर. रिकाम्यांबरोबर नुसता स्पेस असलेले सेल पण धरायचे असतील तर हा:

=सम्प्रॉडक्ट(--(लेन(ट्रिम(डी५:बीएम५))=०))

ट्रिम आजूबाजूचे स्पेस कापतो, लेन उरलेली लांबी मोजतो, लांबी शून्य म्हणजे आत काही नाही, आणि ते दोन डॅश ट्रू-फॉल्सचं एक-शून्य करायला. रिकामे आणि स्पेसवाले दोन्ही यात येतात. एवढं करूनही काही सेल ऐकत नव्हते, तिथं तारखेचा तक्ता कुठून तरी कॉपी करून आणलेला आणि त्यातला स्पेस हा साधा स्पेस नव्हताच, वेबपेजवरनं येतो तो वेगळा असतो, १६० नंबरचा, ट्रिम त्याला हात लावत नाही. त्याला आधी सबस्टिट्यूटनं उडवायचं, सबस्टिट्यूट(डी५:बीएम५,कॅर(१६०),"") असं ट्रिमच्या आत घालून. मी तर शेवटी फॉर्म्युला लांबवत न बसता त्या फाईलीचा डेटाच साफ करून घेतला, कारण पुढं याच सेलवर अजून चार हिशोब करायचे होते आणि दरवेळी एवढी शेपटी कोण लावणार.

साफ करताना एक दुसरी गोष्ट सापडली, आणि मला वाटतं सगळ्या कामातली ही सगळ्यात उपयोगी. खाडे मोजायचा उलटा रस्ता पण आहे, आलेल्या वेळा मोजायच्या आणि एकूणातनं वजा करायच्या:

=कॉलम्स(डी५:बीएम५)-काउंटइफ(डी५:बीएम५,">०")

याला शून्य, स्पेस, डॅश, "ख" कशाचंच काही पडलेलं नाही, शून्यापेक्षा मोठा आकडा असेल तरच आलेला. मग हाच वापरावा की, असं वाटेल. पण टाइप करणाऱ्यानं ४.५ च्या जागी चुकून दोन टिंबं दिली असतील, ४..५ असं, तर एक्सेलच्या लेखी तो आकडा नाही, अक्षरं आहेत, आणि बिचाऱ्या सभासदाच्या नावावर फुकटचा खाडा पडतो. काउंटब्लँक मात्र त्याला भरलेला धरतो. म्हणजे एक फॉर्म्युला खाडे कमी दाखवणार, दुसरा जास्त. म्हणून मी दोन्ही शेजारी शेजारी लावले, तिसऱ्या कॉलमला फरक, आणि फरक शून्य नसेल तेवढ्याच ओळी फिल्टर करून डोळ्यांनी बघितल्या. दोनशे सहातल्या एकेका महिन्यात वीस-पंचवीस ओळी, वही शेजारी घेऊन बसलं की होतं. ज्याला कुणाला माणसांच्या पैशाशी संबंधित रिकामं मोजायचं आहे त्यानं एका फॉर्म्युल्यावर कधी राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग बारा महिने एका शीटवर आणायचे होते. तीनशे पासष्ट दिवस, सातशे तीस कॉलम, डी पासून एबीई पर्यंत. जुन्या एक्सएलएस फाईलीत हे बसतच नाही, तिथं दोनशे छप्पन कॉलमला भिंत लागते, नव्या एक्सएलएसएक्समध्ये सोळा हजारांच्या वर आहेत. काही जुने फाईल फॉरमॅट तसेच होते, ते आधी नव्यात सेव्ह केले.

आणायचे कसे, तर महिन्याच्या शीटशी जोडून. पण नुसतं बरोबर करून सेल जोडला की तिकडं रिकामं असेल तर इकडं ० येतो, म्हणजे एवढं साफ केलेलं परत घाण. म्हणून =इफ(एप्रिल!डी५="","",एप्रिल!डी५) असं. आता वर्षाच्या शीटमधला कोरा दिसणारा सेल कोरा नाही, त्यात फॉर्म्युला आहे आणि फॉर्म्युल्याचं उत्तर रिकामी अक्षरं. इथं फॉर्म्युले आपापसात भांडतात. काउंटब्लँक त्याला रिकामा म्हणतो. काउंटए त्यालाच भरलेला म्हणतो. त्यामुळं माझी ती जुळवाजुळवीची बेरीज सातशे तीसच्या वर गेली, एका सभासदाची सातशे एकाहत्तर, म्हणजे त्याचे एक्केचाळीस खाडे दोन्हीकडं मोजलेले. इझब्लँक तर असा एकही सेल रिकामा मानत नाही, =सम्प्रॉडक्ट(--इझब्लँक(डी५:एबीई५)) चं उत्तर सरळ शून्य. काउंटइफला "" दिलं तर दोन्ही प्रकारचे रिकामे मोजतो, "=" दिलं तर फक्त खरोखर कोरे. आपल्याला काय हवंय त्यावर आहे. मला इथं काउंटब्लँकवालंच चालत होतं, फक्त पडताळा घ्यायला काउंटए सोडून काउंट वापरला, आणि बेरीज परत सातशे तीस वर बसली. पुष्कळ जण म्हणतात फॉर्म्युले काढून पेस्ट व्हॅल्यूज केलं की झालं, पण तसं केलं तरी ती रिकामी अक्षरं सेलमध्ये राहतातच, इझब्लँक तरीही नाहीच म्हणतो.

यात मर्ज केलेल्या सेलनी पण पिडलं. तिसऱ्या ओळीत तारीख दोन कॉलमवर मर्ज करून मधोमध लिहिलेली, दिसायला झकास, पण तारीख असते ती डावीकडच्या सेलमध्येच, संध्याकाळच्या डोक्यावर काहीच नाही. तारखेवरून काही मोजायला गेलं की संध्याकाळ गायब. अनमर्ज केलं, ती ओळ सिलेक्ट करून एफ५ दाबलं, स्पेशल, ब्लँक्स, ओके, म्हणजे फक्त मोकळे सेल निवडले जातात, तसंच बरोबरचं चिन्ह दाबून डावीकडचा बाण आणि कंट्रोल धरून एंटर. सगळ्या संध्याकाळींना तारखा. हे एफ५ वालं मला फार आवडतं, खाडे नजरेनं बघायचे असले तरी असंच निवडून पिवळा रंग द्यायचा, मग पांढरं राहिलेलं पण आकडा नसलेलं लगेच डोळ्यात येतं. फॉर्म्युल्यानं कोरे दिसणारे सेल मात्र यात निवडले जात नाहीत, म्हणून हे महिन्याच्या फाईलीतच करायचं.

एवढं झाल्यावर यादी काढली आणि आण्णांना दाखवली. आण्णांनी नावं वरनं खाली वाचली आणि म्हणाले, "ही आपली खालच्या गल्लीतली वहिनी, एकच म्हैस हाय तिची, ती भाकड व्हती की दिवाळीपासनं. तिचं खाडं कसलं धरतोस?" आता बघा, म्हैस दहा महिने दहा दिवस गाभण राहते आणि त्यातले शेवटचे दोन महिने तरी दूध देत नाही, म्हणजे भाकड असते, कधी कधी तीन-चार महिने, शिवाय व्याल्यावर पहिले काही दिवस चीक असतो तो संस्था घेत नाही. एक म्हैस असणाऱ्याच्या ओळीत सलग शंभर-सव्वाशे सेल मोकळे असणारच. त्याला खाडा म्हणायचं का? आणि रोज एकच वेळ दूध घालणारे आहेत, संध्याकाळचं घरच्यांना ठेवतात, त्यांचे तर तीनशे पासष्ट खाडे घरबसल्या. एक्सेलला हे कुठलं कळायला.

एक वेळवाल्यांचा प्रश्न लवकर सुटला, त्यांची यादी वेगळी करायची आणि नियम निम्मा. चौथ्या ओळीतल्या "स" वरून फक्त सकाळचे खाडे निघतात:

=सम्प्रॉडक्ट((डी$४:एबीई$४="स")*(डी५:एबीई५=""))

भाकडवर मात्र संचालकांची तासभर जुंपली. ठरलं असं की सलग चाळीस वेळा किंवा जास्त, म्हणजे वीस दिवस, दूध नसेल तर ते जनावर आटलं असं धरायचं आणि ते खाड्यात घ्यायचं नाही. आता रिकामे सेल नुसते मोजून भागत नाही, सलग किती ते पण बघायला पाहिजे. यासाठी मोठमोठे अॅरे फॉर्म्युले आहेत, पण मला माझ्यानंतर खुर्चीवर बसणाऱ्यालाही समजेल असं हवं होतं, म्हणून एक दुसरं शीट केलं, तसंच्या तसं मांडलेलं, सी कॉलम मोकळा ठेवला, आणि डी५ मध्ये

=इफ(वर्ष!डी५="",सी५+१,०)

हे आडवं आणि खाली ओढलं. मोकळा सेल आला की आकडा एकानं चढतो, दूध आलं की परत शून्य. वहिनींच्या ओळीत एक, दोन, तीन करत आकडा एकशे अठ्ठावीसवर गेलेला आणि मग एकदम शून्य, जानेवारीत म्हैस व्यायली ती तारीख अशी शीटमध्येच दिसली. आता चाळीस किंवा वरचा जो आकडा शून्याच्या बरोबर आधी आहे तो त्या भाकड काळाची लांबी. तेवढे गोळा करायचे:

=सम्प्रॉडक्ट((डी५:एबीई५>=४०)*(ई५:एबीएफ५=०)*डी५:एबीई५)

दुसरा भाग मुद्दाम एक कॉलम पुढं सरकवलाय, पुढच्या सेलमध्ये शून्य आहे का ते बघायला. एबीएफ कॉलम मोकळा सोडायचा म्हणजे मार्चअखेर भाकडच असलेल्या म्हशी पण पकडल्या जातात. एकूण खाड्यातनं हे वजा केलं की राहिले ते खरे खाडे.

अजून एक राहिलं होतं, संस्थाच बंद असलेले दिवस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत आमच्याकडं महापूर आला तेव्हा टँकरच जाईनात, त्या वर्षांच्या शीटमध्ये अख्खे कॉलम मोकळे आहेत. यंदा तसं काही नाही, पण तीन-चार संध्याकाळी संकलन झालं नव्हतं, आणि त्याचा खाडा सभासदाच्या माथी कसा मारणार. प्रत्येक कॉलमच्या खाली दोनशे बाराव्या ओळीत =काउंट(डी५:डी२१०) टाकला, उत्तर शून्य म्हणजे संस्था बंद. सरळ तेवढे आकडे सगळ्यांच्या खाड्यातनं वजा केले तर भाकडवाल्यांचे दोनदा वजा होतात, एकदा भाकड म्हणून आणि एकदा बंद म्हणून. म्हणून मोजणाऱ्या शीटमध्येच सांगितलं की बंद कॉलम आला तर आकडा वाढवू नको आणि शून्य पण करू नको, आधीचाच पुढं ने:

=इफ(वर्ष!डी$२१२=०,सी५,इफ(वर्ष!डी५="",सी५+१,०))

आणि एकूण खाडे मोजताना फक्त चालू कॉलम धरले, सम्प्रॉडक्ट((डी५:एबीई५="")*(डी$२१२:एबीई$२१२>०)) असं. तेव्हा कुठं हिशोब बसला.

मध्येच एका दुसऱ्या संस्थेतल्या मित्राचा फोन, म्हणे आमच्याकडं खाडे दहा लाखाच्या वर येतायत. त्यानं काउंटब्लँकला पूर्ण कॉलम दिलेला, डी:डी असा. एक्सेलमध्ये एका कॉलमला १०,४८,५७६ ओळी असतात, त्याचे सभासद दीडशे, बाकी सगळं रान मोकळंच. रेंज जिथं डेटा संपतो तिथंच संपवायची, रिकामं मोजताना तर नक्कीच.

यादी नोटीस बोर्डावर लागली. वहिनी बसल्या यादीत, तेवीस खाडे. पण वीस दिवसांच्या नियमाला लगेच पाय फुटले. आमच्या एका तात्यांची ओळ बघितली तर दसरा ते दिवाळी सलग अठ्ठेचाळीस वेळा मोकळी, फॉर्म्युल्यानं भाकड म्हणून सोडून दिली. आता दिवाळीच्या तोंडावर खव्याला मागणी किती आणि त्या दिवसात दूध कुठं जातं हे गावात सगळ्यांना माहीत. चोवीस दिवसात म्हैस आटून, व्यायली पण? त्याउलट एक जण घरात आजारपण म्हणून सलग अठरा दिवस आला नाही, त्याचे छत्तीस खाडे तसेच धरले गेले आणि तो यादीबाहेर. ती मीटिंग बरीच गाजली. मी एवढंच म्हणालो की वीस दिवस हा आकडा कॉम्प्युटरनं ठरवलेला नाही, तुम्ही चाळीसचं ऐंशी करा, मी फॉर्म्युल्यात एक आकडा बदलतो. ऐंशी केलं तर तात्या बाहेर जातात. पण चीक धरून लवकर सुटलेल्या दोन गायी पण बाहेर जातात, हे पण तिथंच दाखवलं.

शेवटी ठरलं की भाकडचा लाभ पाहिजे तर व्याल्याची तारीख आणि जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर संस्थेत नोंदवायचा. सभासद यादीच्या शीटमध्ये त्याचे कॉलम आधीपासून आहेत, पण भरलंय कुणी? किती म्हैसवाल्यांचा बिल्ला नंबर नाही ते लगेच काढलं:

=काउंटइफ्स(सी५:सी२१०,"म्हैस",ई५:ई२१०,"")

एकशे एकतीस. दोन अटी एकदम लावायच्या तर काउंटब्लँक चालत नाही, काउंटइफ्सच लागतो, आणि दोन्ही रेंज सारख्या लांबीच्या हव्यात नाहीतर एरर. आता तेच टाइप करणारं पोरगं सकाळच्या संकलनाला टेबल टाकून बसतं आणि येईल त्याला नंबर विचारतं. त्याला दोनच गोष्टी बजावल्यात. नंबर माहीत नसेल तर सेलला हात लावायचा नाही, डॅश नाही, स्पेस नाही, "नंतर देतो" तर अजिबात नाही. आणि बिल्ल्याचा नंबर बारा आकडी असतो, अकराच्या वर गेलं की एक्सेल तो मध्येच ई घालून आखडून दाखवतं, म्हणून तो कॉलम भरायच्या आधीच टेक्स्ट करून ठेवलाय. कालपर्यंत एकशे एकतीसचे शहाण्णव झाले होते.